माळ्यावर सापडलेले व्हिडिओ गेमचे बोर्ड: दुरुस्त करावेत का, आणि सुरुवात कुठून?

पंचवटीकर

मंडळी, मार्गदर्शन हवं आहे. नव्वदच्या दशकात पंचवटी कारंजाजवळ माझ्या काकांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. धंदा बसल्यावर कॅबिनेट लाकडाच्या भावात गेली. बोर्ड मात्र काकांनी पत्र्याच्या पेटीत भरून माळ्यावर ठेवले. आता घर पाडायचं ठरलंय, त्यामुळे पेटी खाली आली. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार आहे. काका म्हणतात देऊन टाक, मला द्यावंसं वाटत नाही.

पेटीत तीन गोष्टी निघाल्या.

१. निओ जिओ एमव्हीएस या गेम बदलता येणाऱ्या पार्लर-मशीनचा एका कार्ट्रिजचा बोर्ड, सोबत दोन कार्ट्रिज (गेमच्या डब्या). बॅटरीभोवती हिरवट-पांढरी पूड जमली आहे.
२. एक मोठा बोर्ड, वर मार्करने 'मुस्तफा' लिहिलंय.
३. एक जुना बोर्ड, त्यावर एक झेड८० प्रोसेसर आणि पुष्कळ छोट्या आयसी (चिप). काही आयसींवर काचेची खिडकी आहे, त्यावरचे स्टिकर गळून पडलेत. गेम कोणता ते काकांनाही आठवत नाही.

घरी जुना कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आहे. जोडून बघू का? आणि मुळात हे जपण्यासारखं आहे का?

सातपूरचा_सोल्डर

जोडू नकोस! आधी बॅटरी काढ. बाकी सगळं नंतर.

ती निकेल-कॅडमियमची रिचार्जेबल बॅटरी आहे, ३.६ व्होल्टची. जुनी झाली की तिच्यातून अल्कली गळते आणि तांब्याचे ट्रॅक खाते. बोर्ड बंद असला तरी हे थांबत नाही, म्हणजे माळ्यावर इतकी वर्षं ते चालूच होतं. बॅटरीचे पाय कटरने काप. मग पांढरं व्हिनेगर थोड्या पाण्यात मिसळून जुन्या टूथब्रशने हिरव्या भागावर लाव. थोडं फसफसेल. नंतर डिस्टिल्ड वॉटरने धू, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस आणि दोन दिवस वाळू दे. उन्हात ठेवू नकोस, सावलीत पंख्याखाली ठेव. हातमोजे घाल, ती पूड चांगली नसते.

बॅटरीशिवायही एमव्हीएस चालतो. सेटिंग, हिशेब आणि घड्याळ लक्षात ठेवत नाही, एवढंच. घाईने सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल लावू नकोस. बोर्डावर चार्जिंगचं सर्किट आहे आणि ते सेल चार्ज करण्यासाठी नसतात. लावायचाच असेल तर चार्जिंगचा रस्ता तोडून आणि डायोड टाकून.

इंदिरानगर_केतन

मुस्तफा!!! म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स! त्यात थोरला भाऊ कायम मुस्तफा हे पात्र घ्यायचा, माझ्या वाट्याला कायम हॅना. तरी शेवटपर्यंत जगायची तीच.

गंगापूर_रोड_अभि

नाउमेद करायचं नाही, पण प्रामाणिक मत देतो. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्या, त्यावर मेम (जुने गेम चालवणारा प्रोग्राम) टाका, हे तिन्ही गेम आणि आणखी हजारो गेम टीव्हीवर चालतील. खराब बोर्डावर महिने घालवून हातात तोच गेम येणार असेल तर फायदा काय? काकांची आठवण म्हणून एखादा बोर्ड फ्रेम करून भिंतीवर लावा.

ओझरकर_काका

अभि, मुद्दा रास्त आहे, पण एक गोष्ट लक्षात घे. मेम १९९७ साली निकोला साल्मोरियांनी सुरू केलं आणि ते उभंच आहे खऱ्या बोर्डांवर. कुणीतरी खरा बोर्ड उघडला, त्याचे रॉम (गेम साठवलेल्या चिप) वाचले, प्रत्येक आयसी काय करते ते शोधलं, म्हणून आज तुझ्या पायवर गेम चालतो. जे बोर्ड कुणी वाचलेच नाहीत ते मेममध्येही नाहीत. पंचवटीकरचा तिसरा बोर्ड त्यातलाच निघाला तर? तो भंगारात गेला तर कडेच्या कनेक्टरवरचा सोन्याचा मुलामा ॲसिडमध्ये जाईल आणि बाकीचा जळेल.

मी ओझरला एव्हियोनिक्स दुरुस्तीत आयुष्य काढलं. निवृत्तीनंतर हा छंद लागला. पंचवटीकर, तुझ्यासाठी क्रम असा. आधी फोटो, मग रॉमची प्रत, मग वीज.

दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढ, प्रत्येक आयसीवरचा नंबर वाचता आला पाहिजे. काचेच्या खिडक्यांवर आजच अपारदर्शक टेप लाव. त्या आयसी म्हणजे ईप्रॉम, पुसून पुन्हा लिहिता येणारे रॉम. अतिनील प्रकाशाने त्यातला मजकूर पुसतो, मुद्दाम पुसायलाही २५४ नॅनोमीटरचा दिवाच वापरतात. उन्हाने आणि ट्यूबलाइटने हेच होतं, फक्त सावकाश. प्रत्येक बिट म्हणजे इन्सुलेशनमध्ये अडकवून ठेवलेला थोडासा विद्युतभार. चाळीस वर्षांत तो हळूहळू गळतो. म्हणून बोर्ड चालो न चालो, प्रत आधी घ्यायची.

सिडको_टीव्हीवाला

काकांशी सहमत, पण माझी पद्धत थोडी वेगळी. आमच्याकडे जुना बोर्ड आला की पहिले सगळे कंडेन्सर बदलतो. तीस वर्षांचा कंडेन्सर वाळलेलाच असतो. आणि साफसफाईला थिनर. आयसोप्रोपिल कशाला, महाग पडतं.

ओझरकर_काका

भाऊ, टीव्हीच्या पॉवर सप्लायसाठी तुमचं बरोबर आहे, तिथे कंडेन्सर तापतो आणि वाळतो. या बोर्डांवर बहुतेक इलेक्ट्रोलायटिक ऑडिओ ॲम्प्लिफायरभोवती असतात. आवाज घुमत असेल, कमी येत असेल तर ते बदला. बाकीचे आधी मोजा. दर वेळी सोल्डर काढताना जुन्या बोर्डाचे पॅड उचकटतात. न बिघडलेली वस्तू बदलताना नवीन बिघाड घुसतो.

आणि थिनर अजिबात नको. आयसीवरची छपाई, स्टिकरवरची शाई, कनेक्टरचं प्लास्टिक, सगळं विरघळतं. पंचवटीकरला अजून गेमच ओळखायचा आहे, छपाई गेली तर ओळखणार कशावरून?

सिडको_टीव्हीवाला

छपाईचं पटलं. थिनरचा शब्द मागे.

मृण्मयी_ना

मला इलेक्ट्रॉनिक्समधलं कळत नाही, तरी या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या घराजवळही असं पार्लर होतं. मी कधीच आत गेले नाही. मुली जात नसत. भाऊ आत खेळायचा आणि मी बाहेर सायकल धरून उभी. पडद्यावरचा उजेड दिसायचा, आवाज ऐकू यायचा, गेम दिसायचा नाही. आत काय होतं ते आज मला कुणी सांगायचं तर नुसता गेम पायवर चालवून दाखवणं पुरेसं नाही. पार्लरमध्ये कुणाला प्रवेश होता, कॉईन केवढ्याला मिळायचा, गेम नाशिकपर्यंत कुठून यायचे, कोण दुरुस्त करायचं, हे सगळं त्या पेटीला चिकटलेलं आहे.

म्हणून पंचवटीकर, एक विनंती. 'मुस्तफा' ही मार्करची अक्षरं पुसू नका. कोणतंही स्टिकर, दुकानाचा शिक्का, तारीख, हाताने लिहिलेला आकडा, सगळं तसंच ठेवा आणि फोटो काढा. आणि काकांशी बोला, रेकॉर्ड करा. बोर्ड कुणाकडून घेतले, बिघडले की कुठे न्यायचे, पोलीस किंवा शाळावाले येऊन काय म्हणायचे. बोर्ड आणखी दहा वर्षं टिकेल कदाचित. काकांना हे सगळं आज आठवतंय.

पंचवटीकर

मृण्मयीताई, आज संध्याकाळीच काकांशी बोललो. ते चक्क दोन तास बोलले! बोर्ड मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून यायचे, एसटीच्या पार्सलने. भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितलंय.

बॅटरी काढली, व्हिनेगर लावलं. तीन-चार ट्रॅक काळे पडलेत, एक तर दिसतच नाही.

'मुस्तफा'वर बॅटरी सापडली नाही. असायला हवी का?

सातपूरचा_सोल्डर

मूळ कॅपकॉम कंपनीचा असेल तर हवी. कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स १९९३चा, क्यू-साउंड या आवाजाच्या चिपवाल्या, त्यांच्या सीपीएस-१ बोर्डावरचा. त्यात आवाज सांभाळणारा झेड८० कूटबद्ध आहे आणि त्याची किल्ली बॅटरीवर जिवंत असते. बॅटरी मेली की किल्ली गेली. नंतरच्या सीपीएस-२ मध्येही तीच गत, म्हणून लोक त्याला आत्मघाती बॅटरी म्हणतात. २०१६ साली एडुआर्दो क्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती किल्ली सीपीएस-२ बोर्डात पुन्हा भरायची रीत शोधून जाहीर केली. त्यामुळे मेलेले बोर्ड चिप न बदलता उठवता येतात.

तुझ्या बोर्डावर बॅटरी नाही म्हणजे बहुतेक बूटलेग, विनापरवाना बनवलेला. त्यावर पीआयसी१६सी५७ आणि ओकेआय एम६२९५ या चिप दिसतात का बघ.

पंचवटीकर

हो, दोन्ही आहेत! म्हणजे माझा नकली? 😔

गंगापूर_रोड_अभि

मग त्याच्यावर वेळ घालवण्यात आणखीच अर्थ नाही. नकलेचं काय जतन करायचं?

मृण्मयी_ना

अभि, इथे मी ठाम विरोधात आहे. आपल्याकडच्या गल्लीबोळात पोरं खेळली ती याच बोर्डांवर. नाशिकच्या पोरांचा मुस्तफा म्हणजे हाच मुस्तफा. मूळ बोर्ड जपानमधले, अमेरिकेतले संग्राहक जपतीलच. आपला कोण जपणार?

ओझरकर_काका

मृण्मयी बरोबर बोलते आहे, आणि त्याला तांत्रिक बाजूही आहे. बूटलेग म्हणजे जशीच्या तशी नक्कल नसते. कॅपकॉमच्या खास चिप बाजारात मिळत नसत, म्हणून बनवणाऱ्यांनी तेच काम साध्या आयसी जोडून केलं. क्यू-साउंडच्या जागी ओकेआयची चिप आणि तिला चालवायला पीआयसी. आवाज वेगळा, कधी रंग वेगळे, कधी वेग वेगळा. मेममध्येही अशा प्रतींची वेगळी नोंद ठेवतात. त्या पीआयसीला कोड वाचू न देणारं कुलूप असतं. म्हणून ती चिप जिवंत आहे तोवर जपायची, तिला सोल्डर लावायचं नाही.

देवळाली_रोहन

काका, वीज देताना काय काळजी घ्यायची? माझ्याकडेही एक बोर्ड पडून आहे.

ओझरकर_काका

सविस्तर लिहितो.

१९८५ नंतरच्या बहुतेक बोर्डांना जामा या ठरावीक जोडणीचा कनेक्टर असतो. ५६ संपर्क, एका बाजूला २८, अंतर ३.९६ मिलिमीटर. पहिले दोन ग्राउंड, पुढचे दोन पाच व्होल्ट, मग उणे पाच, मग बारा. सातव्या जागी खाच असते, कनेक्टर उलटा बसू नये म्हणून. त्या खाचेत पट्टी नसलेला कनेक्टर वापरू नका. सोनेरी पट्ट्या आधी पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. पॉलिश पेपर लावला तर मुलामा जातो.

वीज देण्याआधी मीटरने पाच व्होल्ट आणि ग्राउंड यांमध्ये शॉर्ट नाही ना ते बघा. नंतर पाच व्होल्ट सप्लायवर नाही, बोर्डावर मोजा, एखाद्या आयसीच्या पायावर. सप्लायवर ५.०५ दिसतात आणि बोर्डावर ४.७ पोचतात, बाकीचे वायर आणि कनेक्टर खातात. ४.७ला बोर्ड वेड्यासारखा वागतो आणि माणूस चांगल्या आयसी काढत बसतो. कॉम्प्युटरचा सप्लाय चालतो, पण तो शॉर्टमध्ये भरपूर करंट ओततो. करंट मर्यादा लावता येणारा सप्लाय मिळाला तर उत्तम.

चित्र नुसतंच कचरा दिसतंय आणि दर सेकंदाला बदलतंय, तर ते वॉचडॉगचं लक्षण. प्रोग्रामने ठरावीक वेळेत खबर दिली नाही की वॉचडॉग प्रोसेसर रिसेट करतो. अशा वेळी क्लॉक, रिसेट, मग ॲड्रेस आणि डेटा लाइन लॉजिक प्रोबने तपासा. ज्या आउटपुटवर हाय-लो काहीच नाही, नुसतं तरंगतंय, ती आयसी संशयित. तिच्या पाठीवर तशीच चांगली आयसी पाय जुळवून दाबून धरली की पुष्कळदा चित्र सुधारतं. याला पिगीबॅक म्हणतात. खात्री झाली की मगच काढायची. काढताना खराब आयसीचे पाय अंगाशी कापा, एकेक पाय तापवून ओढा, भोक पंपाने साफ करा. आयसी वाचवण्यापेक्षा बोर्ड वाचवा. जागी खरादी पायांचा सॉकेट बसवा.

सिडको_टीव्हीवाला

पडद्याचंही सांगतो. आपल्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची आडवी फ्रीक्वेन्सी १५.६ किलोहर्ट्झ, या बोर्डांचीही साधारण तेवढीच. म्हणून ट्यूबवर चित्र जसं हवं तसं येतं. टीव्हीतल्या चित्र हाताळणाऱ्या जंगल आयसीला पडद्यावरच्या मेनूसाठी लाल-हिरव्या-निळ्या सिग्नलचे (आरजीबी) पाय असतात, तिथून चित्र देता येतं. मात्र आपल्याकडच्या बऱ्याच टीव्हींची चेसिस थेट लाइटच्या लाइनवर असते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय बोर्ड जोडला तर बोर्ड जाईल आणि माणूसही. टीव्ही बंद करूनही ट्यूबच्या टोपीत हाय व्होल्टेज राहतं. येत नसेल त्याने मागचं झाकण उघडूच नये. चित्रापुरतं काम भागवायचं तर जीबीएस-८२०० हा सिग्नल बदलून देणारा बोर्ड घ्या आणि व्हीजीए मॉनिटरवर बघा.

जुने_नाशिककर

साठवणुकीचंही बोला कुणीतरी. २०१६च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी आलं तेव्हा आमच्या तळघरातले रेडिओ गाळात गेले. गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की आमच्या आळीत लोक आधी काय उचलायचं ते पाठ असल्यासारखे उचलतात. पण माळा तरी कुठे बरा? उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी, पावसाळ्यात ओल.

सातपूरचा_सोल्डर

बरोबर. खालचा मजला आणि माळा दोन्ही टाळा. घरातलं आतल्या बाजूचं कपाट सगळ्यात चांगलं. बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, सोबत सिलिका जेल, आणि उभे ठेवा. एकावर एक रचले की आयसीचे पाय वाकतात. साधा बबल रॅप थेट गुंडाळू नका, स्टॅटिक तयार होतो. दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा.

पुराचं पाणी लागलेला बोर्ड गाळ वाळण्याआधी धुवायचा. आधी साधं पाणी, मग डिस्टिल्ड. वाळलेला गाळ ब्रशने खरवडला की ट्रॅकही येतो.

इंदिरानगर_केतन

धागा वाचून मिसळ खायला निघालो होतो, अर्ध्या वाटेतून परत आलो आणि आमचा माळा शोधला. फक्त कॅरम बोर्ड सापडला. 😄

पंचवटीकर

अपडेट! ओझरकर काकांच्या म्हणण्याप्रमाणे सगळं तपासून एमव्हीएसला वीज दिली. बोर्डावर ५.०१ व्होल्ट. पडद्यावर बॅकअप रॅम एरर आली. ॲड्रेस डी०००००, राइट ५५५५, रीड ५५१५.

ओझरकर_काका

वा! बोर्ड स्वतःच सांगतोय कुठे दुखतंय ते. प्रोसेसर, बायोस, व्हिडिओ चालू आहेत, नाहीतर ही अक्षरंसुद्धा दिसली नसती.

आता वाच. लिहिलं ५५५५, परत आलं ५५१५. हे सोळाच्या पायातले (हेक्स) आकडे आहेत. वरची जोडी ५५ तशीच आहे, खालची ५५ची १५ झाली. ५५ म्हणजे ०१०१०१०१ आणि १५ म्हणजे ०००१०१०१. उजवीकडून शून्यापासून मोजलंस तर फक्त सहावा बिट हरवलाय. बॅकअप रॅमच्या दोन ८-बिट चिप असतात, एक वरच्या जोडीची, एक खालची. म्हणजे खालच्या चिपची एकच डेटा लाइन. ६२२५६ जातीच्या चिपला ही लाइन १८ नंबरच्या पायावर असते. काही बोर्डांवर लाइन अदलाबदल करून जोडतात, म्हणून शेजारच्या चिपकडे जाणारा ट्रॅक मीटरच्या कंटिन्युइटीने (जोडणी अखंड आहे का ते बघून) पक्का कर. जो ट्रॅक दिसतच नाही म्हणालास, तोच असणार. बारीक इनॅमल वायरचा जंपर टाक.

पंचवटीकर

काका!!! तोच ट्रॅक होता. जंपर टाकला, एरर गेली, दोन्ही कार्ट्रिज चालतात. घरचे काका खुर्ची ओढून बसले आणि उठायलाच तयार नाहीत.

तिसऱ्या बोर्डाचं: त्यावरचा क्रिस्टल १८.४३२ मेगाहर्ट्झचा आहे.

सातपूरचा_सोल्डर

मस्त! १८.४३२ भागिले सहा, ३.०७२. पॅकमॅनचा झेड८० याच वेगाने चालतो. पण गॅलॅक्सियन हा गेम आणि त्याच्या भावंडांचा क्रिस्टलही हाच, म्हणून इतक्यात ठरवू नकोस. रॉम वाचल्यावर कळेल. त्यावरचा झेड८० जपून ठेव. झायलॉगने २०२४ मध्ये जुन्या डीआयपी झेड८० चं उत्पादन बंद केलं. ऑनलाइन मिळणाऱ्यांत छपाई बदललेल्या चिपही येतात.

पंचवटीकर

एका मित्राच्या प्रोग्रामरवर सगळे ईप्रॉम वाचले. मेमच्या चेकसमशी (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळवले. एक सोडून सगळे गॅलॅक्सियनच्या एका बूटलेगशी जुळले. उरलेला एक कशाशीच जुळत नाही. मजकूर खराब झालाय की वेगळीच आवृत्ती आहे?

ओझरकर_काका

ते शोधायची रीत आहे. तोच ईप्रॉम पुन्हा पुन्हा वाच. दर वेळी चेकसम वेगळा आला तर भार गळतोय, बिट काठावर आहेत. मग प्रोग्रामरमध्ये वाचनाचं व्होल्टेज थोडं कमी आणि थोडं जास्त करून बघ, कमकुवत बिट कधीकधी तिथे बरोबर वाचले जातात. दर वेळी चेकसम सारखाच आला तर जुळणाऱ्या फाइलशी बाइट-बाइट ताडून बघ. विखुरलेले एकेक बिट शून्याचे एक झाले असतील तर झीज. कारण पुसलेल्या ईप्रॉममध्ये सगळीकडे एकच असतात आणि झीज त्याच दिशेने जाते. सलग बाइट बदललेले असतील, विशेषतः मजकुराच्या जागी, तर कुणीतरी मुद्दाम बदललंय.

पंचवटीकर

प्रत्येक वेळी चेकसम सारखाच. आणि फरक एकाच जागी, सलग. उघडून बघितलं तर तिथे इंग्रजी अक्षरं आहेत, कंपनीच्या नावाच्या जागी दुसरंच काहीतरी.

मृण्मयी_ना

म्हणजे कुणीतरी स्वतःचं नाव टाकलंय?

गंगापूर_रोड_अभि

हे इंटरेस्टिंग आहे, मान्य. मी पायवरच खेळणार, पण ही फाइल मेमवाल्यांकडे जायला हवी.

ओझरकर_काका

जायलाच हवी. फाइल इथे टाकू नकोस, कॉपीराइटचा प्रश्न असतो. मेमच्या मंडळींना बोर्डाचे फोटो, चेकसम आणि आयसींच्या जागा कळव, पुढचं ते विचारतील. मूळ ईप्रॉम काढून ठेव, बोर्डावर प्रत बसव. २७१६ जातीचे ईप्रॉम लिहायला २५ व्होल्ट लागतात आणि स्वस्त प्रोग्रामर तेवढे देत नाहीत, वाचणं मात्र सगळ्यांना जमतं. माझ्याकडे लिहिणारा आहे. रविवारी ओझरला ये, पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो. तिसरा बोर्ड, काढलेली बॅटरी आणि शक्य असेल तर काकांना घेऊन ये. बॅटरी कचऱ्यात टाकू नकोस, कॅडमियम आहे, मी ई-कचऱ्यात देतो.

देवळाली_रोहन

काका, मी पण आलो तर चालेल का? माझ्या बोर्डाला उणे पाच व्होल्ट लागतात आणि सप्लायला ती लाइनच नाही.

ओझरकर_काका

ये. सप्लाय सोबत आण, ७९०५ ही उणे पाच व्होल्ट देणारी आयसी टाकून बघू. आणि बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून आणू नकोस.